मेम्फिसचे फलक आणि मराठवाड्यातील तसबिरी

इंग्रजीतील ‘मॅन’ हा शब्द मराठीत आणताना ओढाताण होते. त्या एका शब्दात माणूसही आहे आणि पुरुषही आहे. मराठीला मात्र दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते. भाषांतरकारापुढची ही नेहमीची अडचण एखाद्या छायाचित्राच्या आकलनातही आडवी येऊ शकते, हे अर्नेस्ट विदर्स या कृष्णवर्णीय अमेरिकन छायाचित्रकाराचे सुप्रसिद्ध चित्र पाहताना आमच्या ध्यानात आले. २८ मार्च १९६८ रोजी मेम्फिस शहरातील क्लेबॉर्न टेंपल या प्रार्थनामंदिराबाहेर ते टिपले गेले. संपावर गेलेले सफाई कामगार खांद्याला खांदा लावून रस्त्यात उभे आहेत. रांग इतकी लांब की चित्राच्या चौकटीत ती मावत नाही. प्रत्येकाच्या हाती एकच फलक आणि प्रत्येक फलकावर तेच चार शब्द : ‘आय अ‍ॅम अ मॅन’. त्यातील ‘अ‍ॅम’ या शब्दाखाली रेघ ओढलेली आहे.

या संपामागची हकीकत थोडक्यात सांगावयास हवी. १ फेब्रुवारी १९६८ रोजी पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत शिरलेले एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कामगार गाडीचे दाबयंत्र अचानक चालू झाल्याने चिरडून मेले. १२ फेब्रुवारीस सुमारे १,३०० कामगारांनी काम बंद केले. मार्टिन ल्यूथर किंग त्यांच्यासाठी मेम्फिसला आले आणि ४ एप्रिलला त्याच शहरात त्यांचा खून झाला. मागण्या मजुरीच्या व सुरक्षिततेच्या होत्या, संघटनेला मान्यता मिळावी याही होत्या. फलकावर मात्र यातले काहीच नव्हते. फलकावर फक्त मॅन.

आपल्याकडे याचे भाषांतर ‘मी माणूस आहे’ असे सहज केले जाते. ते चूक म्हणता येणार नाही, पण अपुरे खचितच आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत साठीच्या कृष्णवर्णीय गृहस्थालाही गोरा मनुष्य ‘बॉय’ म्हणून हाक मारी. म्हणजे जन्मभर तो पोऱ्याच राही, बाप्या कधी होतच नसे. ही रीत मराठवाड्यातील वाचकाला निराळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पाटलाच्या दहा वर्षांच्या मुलाने पांढऱ्या मिशांच्या येसकराला एकेरीत बोलवावे, रामाला ‘राम्या’ म्हणावे आणि त्याने हात जोडून ‘जी मालक’ म्हणावे, हे नांदेड-लातूरच्या खेड्यांत पाहिलेली माणसे अद्याप हयात आहेत. तेव्हा त्या फलकावर दोन दावे आहेत : मी जनावर नाही, हा एक; मी पोर नाही, हा दुसरा. दुसरा दावा मराठीत येताना गळून पडतो.

या चित्रामागे आणखी एक जुने चित्र आहे. १७८७ साली इंग्लंडमध्ये जोसाया वेजवुड याने गुलामगिरीविरोधी चळवळीसाठी एक पदक तयार केले. त्यावर साखळदंडांनी जखडलेला, एका गुडघ्यावर बसलेला, हात जोडलेला कृष्णवर्णीय पुरुष होता आणि तो मनुष्य व बंधू नाही काय, असा प्रश्न विचारणारे वाक्य होते. चांगल्या हेतूने काढलेले हे चित्र होते, यात शंका नाही. परंतु गुडघ्यावर बसलेल्याने विचारलेला तो प्रश्न होता आणि उत्तर देण्याचा अधिकार पाहणाऱ्याकडे होता. मेम्फिसचे कामगार उभे आहेत. ते विचारीत नाहीत, सांगतात. या दोन चित्रांमध्ये १८१ वर्षांचे अंतर आहे. त्या अंतरात कृष्णवर्णीय पुरुषाने आपली प्रतिमा दुसऱ्याच्या हातून आपल्या हाती कशी घेतली, हा छायाचित्रणाच्या इतिहासातील एक मोठा अध्याय आहे. गुलामगिरीत जन्मलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी तो फार लवकर ओळखला. एकोणिसाव्या शतकात सर्वाधिक छायाचित्रे ज्यांची निघाली अशा अमेरिकनांत त्यांची गणना होते. आज त्यांची सुमारे १६० छायाचित्रे ज्ञात आहेत. उत्तम कोट, विंचरलेले केस, कठोर मुद्रा, आणि हसू नाही. गोऱ्या व्यंगचित्रकारांनी हसरा, नाचरा, आनंदी गुलाम रंगविला होता. त्याला डग्लस यांचे हे उत्तर होते.

आमच्या महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. शंभर वर्षांच्या आत, १९७२ साली, मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले प्रभृतींनी ‘दलित पँथर’ स्थापन केली तेव्हा नावच अमेरिकेहून आले. शब्दांचे हे येणे-जाणे सर्वांना ठाऊक आहे. चित्रांचे काय झाले, याचा विचार मात्र आपल्याकडे अभावानेच झालेला दिसतो. ऑकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षाने प्रतिमेचे सामर्थ्य नेमके जाणले होते. वेताच्या भव्य खुर्चीत एका हाती बंदूक व दुसऱ्या हाती भाला घेऊन बसलेल्या ह्यूई न्यूटनचे १९६७ मधील छायाचित्र भिंतोभिंती लागले. दलित पँथरने शब्द घेतला, कविता घेतली, जाहीरनामा लिहिला. कॅमेऱ्याकडे तिचे तितके लक्ष गेले नाही.

येथे एक मूलभूत भेद सांगितला पाहिजे, कारण तो ध्यानी घेतल्याशिवाय पुढचे विवेचन समजणार नाही. वर्ण छायाचित्रात दिसतो, जात दिसत नाही. विदर्सच्या चित्रातील कामगार कोण आहेत हे सांगण्यासाठी त्यांच्या हाती झाडू द्यावा लागला नाही. त्यांच्यापैकी अनेकांनी टोपी घातली आहे, कोट घातला आहे. कित्येक जण देवळात निघाल्यासारखे नीटनेटके आहेत. तरीही त्यांची ओळख हरवत नाही. आमच्या छायाचित्रकाराने मराठवाड्यातील दलित पुरुषाला स्वच्छ सदऱ्यात उभे केले तर तो दलित आहे हे चित्र कसे सांगणार? मग छायाचित्रकार जात दाखविण्यासाठी आधार शोधतो. झोपडी शोधतो, मेलेले जनावर, झाडू, गटार, हलगी शोधतो. परिणाम असा होतो की जी ओळख समाजाने त्या पुरुषावर लादली तीच चित्र पुन्हा त्याच्यावर लादते. हेतू सहानुभूतीचा असला तरी वेजवुडच्या पदकाप्रमाणे तो पुरुष गुडघ्यावरच राहतो.

पोतराजाच्या छायाचित्रांचे उदाहरण घ्यावे. वाढविलेले केस, कंबरेला रंगीत चिंध्यांचा घोळदार घागरा, उघड्या अंगावर ओढला जाणारा आसूड : शहरी छायाचित्रकाराला याहून मोहक विषय तो कोणता? लातूर, नांदेडच्या आठवडी बाजारांत मरीआईचा गाडा घेऊन फिरणाऱ्या मातंग समाजातील या पुरुषाची चित्रे प्रदर्शनांत व दिनदर्शिकांत आपण पुष्कळदा पाहिली असतील. ही चित्रे बहुधा हवेत उगारलेल्या आसुडाची असतात. तो आसूड खाली आल्यानंतरचा चेहरा, घागरा सोडून विजार घालून चहाच्या टपरीवर बसलेला तोच गृहस्थ, शाळेच्या अर्जावर सही करणारा बाप, ही चित्रे आमच्या पाहण्यात नाहीत. देवीच्या नावाने ज्याला केस कापण्याची मोकळीक नाही आणि ज्याने पोटासाठी रोज चारचौघांत स्वतःला मारून घ्यावयाचे आहे, त्याच्या पुरुषत्वाची समाजाने काय वासलात लावली, हा तेथील खरा प्रश्न आहे. आसुडाचा वेग पकडणाऱ्या कॅमेऱ्याला तो पकडता आलेला नाही.

आता दुसरी बाजू. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील बौद्ध, मातंग आणि ख्रिस्ती वस्त्यांतून आम्ही हिंडलो तेव्हा घरोघरी भिंतीवर एका विशिष्ट प्रकारची तसबीर पाहिली. तालुक्याच्या गावी एखाद्या फोटो स्टुडिओत काढलेली ती असते. मागे रंगविलेला पडदा, त्यावर खांब, बाग किंवा जिना. पुढे ताठ उभा राहिलेला तरुण. अंगात कोट, गळ्यात टाय, खिशाला पेन, नजर थेट समोर. कोट त्याचा नसे. स्टुडिओवाला गिऱ्हाइकांसाठी एक कोट, एक टाय, कंगवा आणि पावडरचा डबा ठेवीत असे. पाहुण्याला या गोष्टीचे हसू येते. आम्हांला ते येत नाही. शेतावर सालगडी म्हणून राबणाऱ्या किंवा दुष्काळात खडी फोडणाऱ्या त्या तरुणाने आयुष्यात बहुधा एकदाच स्वतःची प्रतिमा स्वतः ठरविली होती, आणि त्याने डग्लस यांच्यासारखीच निवड केली होती. त्याने डग्लस यांचे नाव ऐकलेले नसेल. त्याच्यासमोर बाबासाहेबांची तसबीर होती, आणि तेवढी पुरेशी होती.

डॉ. आंबेडकरांचा सूट हा टीकेचा विषय झाला तो याच कारणाने. ज्या काळात देशाचा पुढारी अंगावरील कपडे कमी करीत होता, त्या काळात हे पुढारी नीट शिवलेला सूट घालून छायाचित्रास उभे राहात. ज्यांना फाटके-तुटके वापरण्याची सक्ती होती त्यांच्या पुत्राने उघडे राहून त्याग दाखविण्याचे कारण नव्हते. चौकाचौकांतील पुतळ्यात तो सूट निळा झाला, डाव्या हाती ग्रंथ आला आणि उजव्या हाताचे बोट वर झाले. हे बोट पाहताना आम्हांला विदर्सचेच दुसरे चित्र आठवते. १९५५ साली मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाची हत्या झाली. खटल्यात त्याचे वृद्ध आप्त मोझ राइट साक्षीला उभे राहिले आणि भर न्यायालयात त्यांनी हात लांबवून गोऱ्या आरोपींकडे बोट दाखविले. छायाचित्रणास मनाई असताना विदर्सने तो क्षण टिपला. आरोपी सुटले. बोट राहिले.

सुधारक ओलवे यांच्या छायाचित्रांकडे आम्ही या पार्श्वभूमीवर पाहतो. अकोल्याचे ओलवे मुंबईत वृत्तपत्र-छायाचित्रकार म्हणून काम करीत आले. मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांवरील त्यांची कृष्णधवल चित्रमालिका २००० सालाच्या आसपासची. २००५ साली नॅशनल जिऑग्राफिक संस्थेने तिचा गौरव केला आणि २०१६ साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. मेम्फिसच्या रांगेशी या मालिकेचे नाते उघड आहे. काम तेच, समाजात पायरीही तीच. परंतु येथे रांग नाही, फलक नाही, घोषणा नाही. येथे कामगार कामावर आहे.

गटारात उतरलेल्या, काळ्या पाण्यातून डोके व खांदे वर काढणाऱ्या कामगारांची या मालिकेतील चित्रे अनेकांनी पाहिली आहेत. (‘मॅनहोल’ या शब्दातही ‘मॅन’ आहे आणि मराठीने तो जसाच्या तसा उचलला आहे, हे येथे नमूद करावेसे वाटते.) हातमोजे नाहीत, बूट नाहीत. शरीरे पिळदार आहेत. एरवी पाश्चात्य छायाचित्रकलेत अशा शरीराला शिल्पासारखा प्रकाश देऊन त्याचे कौतुक केले जाते. ओलवे तो मोह टाळतात. घाण अंगाला सुंदर चमक देते हे त्यांना दिसत नसेल असे नाही, पण ते त्या चमकेपाशी थांबत नाहीत. तरीही प्रामाणिकपणे सांगावयाचे तर, वर सांगितलेल्या अडचणीतून ही गटाराची चित्रे पूर्णपणे सुटलेली नाहीत. पाहणाऱ्याला प्रथम घाण दिसते, मग माणूस दिसतो, आणि पुरुष तर दिसतोच असे नाही. पाहणारा हळहळतो. त्या हळहळीत स्वतःच्या नाकावर रुमाल धरण्याची क्रियाही मिसळलेली असते.

ओलवे यांचे खरे मोल आम्हांला अन्यत्र वाटते. ते कामगाराच्या मागोमाग त्याच्या घरी गेले. पालिकेच्या चाळीतील एकाच खोलीत दाटीवाटीने राहणारे कुटुंब, दारूने खचलेला कर्ता पुरुष, अकाली विधवा झालेली स्त्री, हे सर्व या कामात येते. येथे तो कामगार बाप आणि नवरा आहे, आणि बाप म्हणून हरलेलाही आहे. महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगार निवृत्त झाला किंवा वारला तर त्याच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी मिळते. ही सवलत मिळविण्यासाठी संघटनांनी झगडा केला आहे आणि आम्ही तिला नावे ठेवणार नाही. घरात चूल पेटते ती तिच्यावर. परंतु पुरुषाच्या दृष्टीने तिचा अर्थ काय होतो पाहा. शेतकऱ्याचा मुलगा जमिनीचा वारस होतो, दुकानदाराचा दुकानाचा. येथे बाप मुलाला झाडू ठेवून जातो आणि तोही स्वतः लवकर मेला तर लवकर. शिकलेला मुलगा सही करून तो घेतो. असे घर पाहिल्यावर गटाराच्या चित्राकडे परत वळावे. ते निराळे दिसू लागते. मॅनहोलमधून वर येणारा तो पुरुष आता केवळ घाणीत बुडालेला देह राहात नाही. तो कुणाच्या तरी नोकरीची जागा अद्याप अडवून जिवंत असलेला बाप असतो.

पुरुषत्वाचा विषय काढला म्हणजे स्त्रियांचा विषय टाळून चालणार नाही. मेम्फिसच्या त्या रांगेत स्त्री नाही. संप पुरुष कामगारांचा होता, हे उत्तर बरोबर असले तरी पुरेसे नाही. गोऱ्या मालकाने हिरावलेले पुरुषपण परत मिळवावयाचे ते कोणावर गाजवावयाचे, हा प्रश्न कृष्णवर्णीय स्त्रियांनी पुढे उघडपणे विचारला. वेताच्या खुर्चीतील न्यूटनच्या पक्षाचे नेतृत्व १९७४ ते १९७७ या काळात एलेन ब्राउन या स्त्रीकडे होते. ती खुर्ची मात्र स्मरणात पुरुषाचीच राहिली. आपल्याकडे मलिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे १९८४ सालचे आत्मकथन याच प्रश्नापाशी नेऊन सोडते : बाहेर अन्यायाशी लढणारा पुरुष घराच्या दारात कोण असतो? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहून आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांची नोंद केली, तेव्हा त्यांना अनेक बायकांचा शोध घरोघर घ्यावा लागला. स्टुडिओतल्या तसबिरींतही हेच आढळते. कोट घातलेला पुरुष एकटा उभा आहे. त्याची पत्नी चित्रात असलीच तर खुर्चीवर बसलेली, पदर घट्ट ओढलेली, आणि कित्येकदा तिची नजर कॅमेऱ्याकडे नाही.

विदर्सविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. २००७ साली त्यांचे निधन झाले. २०१० मध्ये असे उघडकीस आले की चळवळीचा हा विश्वासू छायाचित्रकार एफबीआय या सरकारी तपास यंत्रणेला माहिती पुरवीत होता. ती रांग त्याने टिपली ती कोणत्या नात्याने, बंधूच्या की खबऱ्याच्या? आम्हांला वाटते, चित्र बदलत नाही, परंतु चित्राकडे पाहण्यातील भाबडेपणा जातो. लातूर जिल्ह्यातील धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ ज्यांनी वाचले आहे त्यांना पोलिसी नजर म्हणजे काय हे ठाऊक आहे. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरविले त्यांतील पुरुषाने पोलीस दप्तराच्या दृष्टीने ओळख पटविण्याचे एक साधन असावे, एवढेच त्याच्या चेहऱ्याचे काम होते. तो कायदा १९५२ साली गेला. कॅमेऱ्याची ती सवय गेली असे कोणी म्हणू नये.

ख्रिस्ती वाचकाला येथे आणखी एक दृश्य आठवेल. फटके मारलेल्या, काट्यांचा मुकुट घातलेल्या बंदिवानाला पिलात जमावासमोर आणतो आणि त्याच्याकडे बोट करून ‘मनुष्य’ हा शब्द उच्चारतो. युरोपातील चित्रकारांनी शतकानुशतके हे दृश्य रंगविले. त्यातही बोलणारा अधिकारी आहे. ज्याच्याविषयी बोलले जाते तो गप्प आहे. मेम्फिसच्या कामगारांनी तो शब्द अधिकाऱ्याच्या तोंडून काढून घेऊन आपल्या छातीसमोर धरला. त्यांच्यातील बहुसंख्य जण चर्चला जाणारे होते आणि निघाले तेही प्रार्थनामंदिरातूनच, हा योगायोग मानण्यास आमचे मन तयार होत नाही.

नामांतराच्या लढ्याला स्वतःच्या प्रतिमा किती मिळाल्या? २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात संमत झाला आणि पाठोपाठ मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. ४ ऑगस्टला नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचिराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेड शहरात गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. आज त्या दिवशी चौकात लागणाऱ्या मोठ्या फलकांवर शहिदांचे चेहरे असतात. पुनःपुन्हा मोठे केल्याने आणि वरून रंग चढविल्याने या चेहऱ्यांचे बारकावे पुसट होत गेले आहेत. मिशा सारख्या दिसू लागल्या आहेत, डोळे सारखे. शहीद म्हणून ते ओळखू येतात. शेजारी उभ्या असलेल्या नेत्यांचे चेहरे अधिक ताजे असतात, कारण त्यांचे फोटो नवे असतात.

तालुक्याच्या गावचे जुने स्टुडिओ आता एकामागून एक बंद पडत आहेत. त्यांच्या माळ्यावर हजारो निगेटिव्ह खोक्यांत पडून असतात आणि दुकान विकताना ती खोकी भंगारात जातात. त्यांत शिक्षक आहेत, हमाल आहेत, बँडवाले आहेत, मिशनच्या शाळेतून निघालेली मुले आहेत, मुंबईला पालिकेत चिकटण्यापूर्वी एकदा फोटो काढून गेलेले तरुण आहेत. एकच कोट निरनिराळ्या खांद्यांवर दिसेल, कुठे सैल, कुठे आखूड. एखाद्याच्या मनगटापुढे बाही चार बोटे लोंबते आहे आणि त्याने मूठ वळून ती लपविली आहे. ही खोकी कोणा विद्यापीठाने, ग्रंथालयाने किंवा एखाद्या धर्मग्रामाने तरी ताब्यात घ्यावीत, अशी आमची सूचना आहे. नावे लिहिलेली वही बहुतेक स्टुडिओवाल्यांकडे असे. ती वहीही सोबत मागून घ्यावी.